पहिलं ऑपरेशन आणि नळ्यांची भीती: अनुभव हवेत

रानजाई
येत्या गुरुवारी माझी गर्भपिशवी काढायची आहे. फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीतल्या गाठी, फार वाढल्यात, त्यामुळे पोटावर चीर देऊनच करणार. वय ४४, दोन्ही बाळंतपणं साधी झाली, ऑपरेशन थिएटर आतून कधी पाहिलेलं नाही. चिरेची भीती वाटत नाही, भीती आहे ती नळ्यांची. सासऱ्यांना शेवटच्या आजारात आयसीयूत पाहिलं होतं. नाकात नळी, घशात नळी, लघवीच्या जागी नळी, आणि त्यांनी ओढून काढू नये म्हणून हात बांधलेले. रात्री दोनला जाग येते ती तेच चित्र घेऊन. ज्यांनी स्वतः हे सोसलंय त्यांनी लिहा. घालताना काय वाटलं, असताना काय वाटलं, काढताना किती दुखलं? "काही होत नाही" एवढं मात्र लिहू नका, ते घरातले सगळे रोज सांगतात.

तुळसमंजिरी
अगं, माझंही हेच ऑपरेशन झालं, तीन वर्षांपूर्वी, सांगलीत. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली आणि लघवीची नळी त्यानंतर घातली. कधी घातली ते मला कळलंही नाही.

खरा त्रास भूल उतरल्यावर सुरू झाला, आणि त्याबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. जोराची लघवी लागल्यासारखं वाटत राहिलं. आता गादी ओली होणार या धास्तीने मी अंग आवळून धरलं. सिस्टरना हाक मारली तेव्हा त्यांनी पिशवी उचलून दाखवली, तीत लघवी जमलेली होती. नळी निसटू नये म्हणून तिच्या आतल्या टोकाला पाण्याचा छोटा फुगा असतो, तो मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो म्हणून तसं वाटतं, म्हणाल्या. अंग सैल सोडल्यावर तासाभरात ते बरंच कमी झालं. कूस बदलताना नळी मांडीखाली अडकून ओढ बसायची, तर त्यांनी ती मांडीला चिकटपट्टीने लावून दिली. ती पट्टी आधीच मागून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. सिरिंजने फुग्यातलं पाणी काढलं, "मोठा श्वास घ्या" म्हणाल्या, तो सोडेपर्यंत नळी बाहेर. चुरचुरलं. पहिल्यांदा लघवीला गेले तेव्हा चांगलंच जळजळलं, संध्याकाळपर्यंत थांबलं.

गवतीचहा
दुर्बिणीने पित्ताशय काढलं. हातातल्या सलाइनशिवाय एकही नळी जाणवली नाही. घसा मात्र दोन दिवस खवखवत होता. घशात नळी होती हे त्यावरून कळलं.

पांढरीटोपी
मी स्टाफ नर्स आहे, सर्जरी वॉर्डात १४ वर्षं झाली. रानजाई, तुमच्या सासऱ्यांबद्दल आधी सांगते. गंभीर आजारात माणसाला भान राहत नाही, तो घशातली नळीसुद्धा उपसतो, आणि श्वास त्या नळीवर चाललेला असतो. म्हणून हात बांधावे लागतात. आम्हालाही ते बघवत नाही. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल दिली तर घशातली नळी तुम्ही झोपल्यावर जाते, आणि तुम्ही स्वतः श्वास घेऊ लागलात, "डोळे उघडा" म्हटल्यावर उघडलेत, की निघते. बहुतेकांना ती काढल्याचं आठवतही नाही. कमरेतून भूल असेल तर सहसा ती लागतच नाही.

हातात घालतात ते इंट्राकॅथ. सुई फक्त घालताना लागते, ती लगेच बाहेर काढतात. आत राहते ती मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी. त्यामुळे हात हलवला तर सुई टोचेल ही भीती सोडा. रंगावरून जाडी कळते: हिरवं जाड, गुलाबी त्याहून बारीक, निळं आणखी बारीक. ऑपरेशनला बहुधा हिरवं किंवा गुलाबी घालतात. तिथे सूज आली, आग झाली, तर रात्री तीन वाजता उठवा आम्हाला. दुसरीकडे घालता येतं.

लघवीची नळी मोठ्यांना साधारण १४ किंवा १६ नंबरची. नंबरला तीनने भागलं की मिलिमीटरमध्ये जाडी येते, म्हणजे १६ नंबरची नळी पाच मिलिमीटरच्या थोडी वर. पिशवी कायम कमरेच्या खाली धरायची, चालतानाही. आणि पोटात दुखायला लागून पिशवीत लघवी येणं थांबलं, तर वाट बघू नका, लगेच सांगा. नळी कुठेतरी मुडपलेली असू शकते.

नदीकाठ
माझा अनुभव कडू आहे, पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून लिहितो. आतड्याला पीळ पडला होता, सगळं घाईत झालं, आणि नाकातून पोटात जाणारी नळी मी पूर्ण जागा असताना घातली. नाकात आग, डोळ्यांत पाणी, उमासे. ब्रदर म्हणाले, "काका, हनुवटी छातीला लावा आणि गिळत राहा." गिळायला लागल्यावर ती सरकली. मिनिटभराचंच काम, पण ते मिनिट वाईट होतं. नंतर रात्रभर होणाऱ्या उलट्या मात्र थांबल्या, पोटाचा ताण उतरला. तुमच्या ऑपरेशनला ही नळी बहुधा लागणारही नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

अबोली
स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेजवळ ड्रेन होता, म्हणजे जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी. नळीच्या टोकाला दाबून ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा. तो घेऊनच घरी सोडलं आणि अकरा दिवस तो माझ्यासोबत होता. पहिले दोन दिवस मी त्याच्याकडे बघितलं नाही, नवरा रिकामा करायचा. मग आईने जुन्या सुती साडीची पिशवी शिवली, गळ्यात अडकवायची. वरून नवऱ्याचा सैल शर्ट घातला की बाहेरून काही कळायचं नाही. तेव्हा पहिल्यांदा गॅलरीत जाऊन बसले.

मग रोज किती एमएल आलं ते मीच वहीत लिहायला लागले. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. आकडा उतरताना बघून फार धीर यायचा. सलग दोन दिवस ३० एमएलच्या खाली आल्यावर काढला. काढताना आतून दोरी ओढल्यासारखं वाटलं, पाच-सहा सेकंद आग झाली. मी आईचा हात धरला होता.

मैलाचादगड
मुतखड्याच्या ऑपरेशननंतर माझ्या आत स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या वाटेत एक बारीक नळी, ठेवला होता आणि मला ते कुणी नीट सांगितलंच नाही. लघवी करताना कमरेत कळ यायची, लालसर लघवी व्हायची, मला वाटायचं ऑपरेशन बिघडलं. सव्वा महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांनी कागद बघून उलगडा केला. असे स्टेंट आत विसरून राहिले तर त्यांच्यावरच खडे धरतात. कोणतीही नळी असो, ती कधी निघणार हे कागदावर लिहून घ्या.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ऑपरेशनआधीच्या फिटनेस तपासणीसाठी गेले होते, तेव्हा भूलतज्ज्ञ मॅडमना विचारायचं सगळं चिठ्ठीवर लिहून नेलं. कोणकोणत्या नळ्या, जागेपणी की भुलेत, कधी काढणार. त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन एकेक उत्तर दिलं. सलाइन आणि लघवीची नळी, एवढंच. लघवीची नळी कमरेतून भूल दिल्यावरच घालणार.

रानजाई
शुक्रवार, दुपार. काल ऑपरेशन झालं. शुद्धीत होते, थिएटरमधले आवाज ऐकू येत होते, नळी घातलेली कळली नाही. संध्याकाळी तुळसमंजिरीताईंनी लिहिलेलं अगदी तसंच वाटलं, जोराची लघवी लागल्यासारखं. एकदा दचकले, मग फुगा आठवला आणि अंग सोडून दिलं. पट्टी मागितली तर सिस्टरनी लगेच लावली. टाके दुखतायत, खोकला आला की उशी पोटाशी धरते. सकाळी नळी काढली, चुरचुरलं. नंतर मुलीच्या खांद्याला धरून बाथरूमपर्यंत चालत गेले. जळजळ आहे, पाणी पितेय. हातात अजून इंट्राकॅथ आहे, गुलाबी.