मदत हवी आहे: अंगणातली झाडे सीडर आहेत की जुनिपर, हे खात्रीने कसे ओळखावे?

नमस्कार.

टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या भागात राहायला येऊन आम्हाला सव्वा वर्ष झाले. घराच्या पुढे-मागे मिळून चार सदाहरित झाडे आहेत आणि शेजारीपाजारी त्या चारही झाडांना सरसकट 'सीडर' म्हणतात. येत्या डिसेंबरात माझी आई तीन महिन्यांसाठी येणार आहे. तिला दम्याचा त्रास आहे, आणि नेमक्या डिसेंबर ते फेब्रुवारी याच काळात इथे परागकणांमुळे अनेकांना 'सीडर फीव्हर' होतो. झाडे तोडणाऱ्या एका कंत्राटदाराने चारही झाडे काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. परंतु कोणते झाड कशाचे आहे हे कळल्याशिवाय एकाही झाडाला हात लावू नये, असे मला मनापासून वाटते.

वाचनातून एवढे समजले की इथले 'माउंटन सीडर' मुळात सीडर नव्हेच. ते ॲश जुनिपर आहे आणि त्याचे कुळ सायप्रसचे. खरे सीडर, म्हणजे आपला देवदार किंवा लेबनॉनचा सीडर, हे पाइनच्या कुळातले. पुस्तकात हा भेद स्वच्छ दिसतो, पण झाडासमोर उभे राहिल्यावर तो तितका स्वच्छ राहत नाही.

दारासमोरचे झाड उंच असून त्याच्या फांद्यांची टोके खाली झुकलेली आहेत. त्याची पाने सुईसारखी, सुमारे ४ सेंमी लांब आणि आखूड खुंटांवर झुपक्यांनी आलेली आहेत. मनालीला हिडिंबा मंदिराभोवती पाहिलेले देवदार मला त्याच्याकडे पाहून आठवतात. मात्र झाडाखाली मला एकही अखंड शंकू कधी मिळालेला नाही; मिळतात ते फक्त पंख्याच्या आकाराचे सुटे, चपटे खवले. शिवाय मागच्या नोव्हेंबरात त्याच्याखाली पिवळ्या पुडीचा सडा पडला होता, त्यामुळे त्रास यानेच होतो की काय, अशी शंका मनात आहे.

मागच्या चुनखडीच्या उतारावरील दोन झाडे बुंध्यापासूनच अनेक खोडांची आहेत. साल लांब पट्ट्यांनी सुटते, आणि पाने इतकी बारीक व डहाळीला चिकटलेली आहेत की डहाळी वेणीसारखी दिसते. एका झाडाला वाटाण्याएवढी निळसर फळे येतात. दुसऱ्याला मुळीच येत नाहीत, पण जानेवारीत ते झाड तांबूस-पिवळे झाले होते आणि वाऱ्याच्या झोताबरोबर त्यातून धूर निघाल्यासारखे वाटले.

चौथे कुंपणाजवळचे गुडघ्याएवढे रोप आहे. त्याची पाने टोचणाऱ्या सुयांसारखी आहेत. पाने सुईसारखी म्हणून याला सीडर म्हणावे, तर आसपास सगळीकडे जुनिपरच उगवलेले आहेत. हे रोप नेमके कशाचे असावे? मागची दोन झाडे एकाच जातीची आहेत का? आणि आईच्या दृष्टीने खरोखर काढण्यासारखे झाड कोणते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपले निरीक्षण इतके नेमके आहे की उत्तराचा बराच भाग त्यातच आलेला आहे.

दारासमोरचे झाड देवदारच आहे. त्याचे शंकू फांदीवर उभे वाढतात आणि पिकल्यावर झाडावरच सुटे होतात, म्हणून खाली पाइनसारखा अखंड शंकू न सापडता खवलेच सापडतात. माझ्या मते ओळखीची ही सर्वांत भरवशाची खूण आहे. शरद ऋतूत पडणारी पिवळी पूड हे त्याचेच परागकण आहेत; परंतु पाइनच्या कुळातील परागकणांमुळे ॲलर्जी क्वचितच होते आणि आई येईपर्यंत त्यांचा हंगामही संपलेला असेल. हे झाड कृपया तोडू नका.

मागची दोन्ही झाडे ॲश जुनिपर आहेत, एक मादी आणि एक नर. जुनिपरमध्ये नर व मादी झाडे सहसा वेगवेगळी असतात. निळे फळ म्हणजे वास्तविक मांसल खवले एकमेकांना जुळून तयार झालेला शंकूच होय. परागकण फक्त नर झाड सोडते, तेव्हा फळे येणारे झाड या बाबतीत पूर्णपणे निर्दोष आहे.

रोपाबाबत आपली जी फसगत होते आहे ती फार जणांची होते. कोवळ्या जुनिपरची पाने सुईसारखीच असतात आणि खवल्यांसारखी पाने नंतर येतात, त्यामुळे 'सुई म्हणजे सीडर' हा नियम रोपांना लावता येत नाही. त्याऐवजी सुया डहाळीला कुठे जोडलेल्या आहेत ते पाहावे. जुनिपरच्या सुया थेट डहाळीवर दोन-दोन किंवा तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. देवदाराच्या नव्या फुटव्यावरही सुया सुट्या असतात, पण जरा जुन्या फांदीवर आखूड खुंट आणि त्यांवरचे झुपके हमखास दिसतात. आपल्या रोपावर असे खुंट नसतील, तर ते जुनिपरच आहे.

राहिला नर जुनिपर. तो काढल्याने अंगणातली पूड कमी होईल, पण त्याचे परागकण वाऱ्यावर कित्येक मैल जातात आणि आपल्या भोवतीच्या सगळ्या टेकड्या याच झाडांनी भरलेल्या आहेत. त्यामुळे केवळ आईसाठी म्हणून तो तोडण्यात फारसा लाभ दिसत नाही; खिडक्या बंद ठेवणे आणि डॉक्टरांशी आधीच बोलून औषधे सुरू करणे अधिक उपयोगी पडेल. तरीही तोडायचे ठरलेच, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गोल्डन-चीक्ड वॉर्ब्लर हा छोटा पक्षी जगात फक्त मध्य टेक्सासमध्येच वीण करतो आणि घरट्यासाठी जुन्या ॲश जुनिपरच्या सालीचे पट्टे वापरतो. १९९० पासून त्याची नोंद संकटग्रस्त पक्ष्यांमध्ये आहे. तो मार्चच्या सुमारास इथे येतो, म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी स्थानिक नियमांची चौकशी अवश्य करावी.