मदत हवी आहे: एक्सेल हिस्सा नंबरच्या तारखा करतंय, कायमचं बंद कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या आंबा बागायतदारांची यादी करायचं काम माझ्याकडे आहे. नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा, कलमं किती, पेटी किती डझनची, बँक खातं, एवढेच कॉलम. पण हिस्सा १२/३ (सर्व्हे नंबर १२ चा हिस्सा ३) टाईप करून एंटर मारला की लगेच १२-मार्च, ५/१० चं ५-ऑक्टोबर, आणि पेटीच्या कॉलमात ४-६ लिहिलं तर ४-जून. बरं सगळ्यांचं होतं असंही नाही, ११२/४ तसाच राहतो, ८/५अ पण तसाच राहतो, त्यामुळे वरवर बघितलं तर यादी ठीक वाटते आणि मधेच कुठेतरी मार्च घुसलेला असतो. फॉरमॅट बदलून जनरल केलं तर पंचेचाळीस-शेहेचाळीस हजारातला कसलातरी आकडा येतो, म्हणजे आपला नंबर आतूनच गेला ना?

मला याची काळजी वाटते कारण आपल्याकडे एकेका सर्व्हे नंबरचे किती हिस्से पडलेत ते तुम्हाला माहितीच आहे, १२/३ एका भावाचा, १२/४ दुसऱ्याचा, मधे फक्त गडगा (दगडी बांध). प्रिंट बघून एका आजोबांनी विचारलं, "माझो हिस्सो खंय गेलो?" त्यांना काय सांगणार, नाव त्यांचं आणि पुढे तारीख. उद्या हीच यादी कुठल्या अर्जाला जोडली तर निस्तरणार कोण?

ऑटोकरेक्ट ऑप्शन्समधल्या खुणा काढून बघितल्या, काही फरक नाही. ऑप्शन्समध्ये डेटा म्हणून आहे तिथे ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जनचे सगळे टिक काढले, त्याने खाते नंबरच्या सुरुवातीचे शून्य राहायला लागले पण तारखा होतातच. कायमचा उपाय काय? आणि ज्या ओळी आधीच बिघडल्यात त्या परत टाईप कराव्या लागतील का? प्लीज सांगा कोणीतरी.

प्रतिसाद १

ऑटोकरेक्टचा इथे संबंध नाही, तिथे लिंक आपोआप बनणं वगैरे बंद होतं. डेटावालं सेटिंग २०२३ मध्ये आलं, पण त्यातला तारखेचा टिक फक्त अक्षर आणि आकडा चिकटून असेल तिथेच चालतो, म्हणजे जॅन१ सारखं काही. मधे स्लॅश किंवा डॅश आला की एक्सेल तारीख करणारच, त्याला बंद करायचं बटणच नाही. हा त्रास एवढा जुना आहे की शास्त्रज्ञांच्या याद्यांमध्ये मार्च१, सेप्ट१ अशा जनुकांच्या नावांच्या तारखा व्हायच्या, शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली.

तेव्हा टाईप करायच्या आधी अख्खा कॉलम सिलेक्ट करा, होम टॅबवर जिथे जनरल लिहिलंय तिथे टेक्स्ट निवडा आणि मगच भरा. आधी हे महत्त्वाचं, नंतर टेक्स्ट केलंत तर तोच शेहेचाळीस हजारी आकडा हातात येतो. एखादाच सेल असेल तर सुरुवातीला सिंगल कोट द्या, तो प्रिंटमध्ये येत नाही. खाते नंबरचा कॉलमही टेक्स्टच ठेवा, कारण एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं, सोळावा अंक शून्य होतो आणि तो गेला की गेला, पासबुक बघूनच परत भरायचा.

प्रतिसाद २

हिस्से परत टाईप करू नका, शेजारी रिकामा कॉलम घेऊन =टेक्स्ट(बी२,"डी\/एम") हा फॉर्म्युला द्या (इंग्रजी अक्षरांत टाईप करायचा, डी म्हणजे दिवस, एम म्हणजे महिना) आणि खालपर्यंत ओढा, १२-मार्चचं परत १२/३ होईल. जे बिघडलेच नाहीत, ८/५अ सारखे, ते आहेत तसेच येतात. मग तो कॉलम कॉपी करून टेक्स्ट केलेल्या कॉलमात पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज. आणि कोणी सीएसव्ही (कॉमा टाकून केलेली साधी टेक्स्ट फाईल) पाठवली तर डबल क्लिकने उघडू नका, तिथेच सगळं बिघडतं. कोरी फाईल उघडून डेटा टॅबवरून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या आणि डेटा टाईप ओळखू नको हा पर्याय निवडा.

लिब्रे ऑफिस चालत असेल तर तिथे मात्र कायमचा इलाज आहे. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्समध्ये (जुन्या आवृत्तीत लँग्वेज सेटिंग्ज) डेट ॲक्सेप्टन्स पॅटर्न्स म्हणून चौकट आहे, त्यातलं नुसतं डी/एम एवढंच खोडायचं, वर्षासकटचं राहू द्यायचं.

धागाकर्ता

खूप खूप आभार दोघांचे, आमच्या वाडीचे सगळे हिस्से परत आले! पण शेजारच्या वाडीची फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरलेली, तिच्यात १२/३ चं ३-डिसेंबर झालंय आणि या फॉर्म्युल्याने ३/१२ येतंय, तो तर वेगळ्याच माणसाचा हिस्सा. आता?

प्रतिसाद २

त्या कॉम्प्युटरच्या विंडोजमधलं रीजन सेटिंग अमेरिकेचं असणार, तिथे महिना आधी येतो. त्या फाईलला "एम\/डी" द्या. पण दोन्ही वाड्यांची यादी आधीच एकत्र केली असेल तर थांबा, कुठली ओळ कुठल्या मशीनवर भरली ते एक्सेलला कळत नाही. दोन्ही मूळ फाईली वेगवेगळ्या दुरुस्त करा, मग जोडा, आणि ज्या हिश्शात दोन्ही आकडे बारा किंवा कमी आहेत तेवढे सातबारा समोर ठेवून ताडून घ्या.