एकाच वेळी उबवलेल्या अंड्यांतली भावंडं : शब्द सुचवा

सीनाकाठ :
भाचा आणि त्याचे मित्र रविवारी आमच्याकडे, जुळे सोलापूरला, डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात, म्हणजे एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ. नियम इंग्रजीत, बोलणं मराठीत. मराठी माध्यमातली पोरंही येतात, म्हणून त्यातल्या ड्रॅगनबॉर्न या ड्रॅगनच्या वंशातल्या जमातीची माहिती मराठीत उतरवतेय. उंची सहा फुटांच्या वर, वजन 250 पौंडांच्या आसपास, अंगभर खवले, पंख नाहीत, शेपूट नाही. इथवर सोपं गेलं. पण हे लोक अंड्यातून जन्मतात. काही तासांत चालायला लागतात, तीन वर्षांचं पोर आपल्याकडच्या दहा वर्षांच्या मुलाएवढं होतं, पंधराव्या वर्षी ते कर्तं. एकाच वेळी उबवलेली भावंडं एकमेकांना सवयीवरून, एखाद्या प्रसंगावरून लाडाची नावं ठेवतात. या भावंडांना काय म्हणावं? मी ‘सहोदर’ लिहिलं, तर भाचा म्हणतो, मावशी, अंड्यातून आलेल्यांना उदर कसलं?

बाराबंदी :
अंडं काय आभाळातून पडतं? तेही आईच्या पोटातच तयार होतं. सहोदर खुशाल ठेवा. अडचण ‘पाठचा भाऊ’ म्हणताना येईल. सगळी अंडी एकाच दिवशी फुटली तर पाठचा कोण ठरवणार?

कडबा :
ताई, मोहोळकडं आमच्या घरी कोंबडी खुडूक झाली की रवणीला बसवतात. डालग्यात भुसा, त्यावर अंडी, वर कोंबडी. एकवीस दिवसांचा हिशेब. आजी अधूनमधून एकेक अंडं उचलून कंदिलापुढं धरायची. आत लाल शिरा दिसल्या तर परत ठेवायची, नितळ दिसलं तर बाजूला. त्या पिल्लांना आम्ही ‘एका रवणीची’ म्हणतो. रवणभाऊ, रवणबहीण म्हणा. ‘वेत’ नको, वेत गाईम्हशीचं.

अमरकोश :
ज्यांना घराण्याची अब्रू जिवापेक्षा मोठी, अशा लढवय्यांच्या भावंडांना खुराड्यातला शब्द? जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज ही जन्मावरून केलेली वर्गवारी आपल्याकडे तयार आहे. ‘द्विज’ही आहे: एकदा अंडं म्हणून, एकदा अंडं फोडून, असा दोनदा जन्मलेला. जमातीला ‘व्यालवंशी’ म्हणावं. ड्रॅगनबॉर्न तसंच ठेवण्यात कसला आलाय अनुवाद?

कडबा :
सर, द्विज म्हटल्यावर पक्षी किती जणांना आठवेल? नववीतल्या पोराला तर जानवंच दिसणार. आणि देवळावरचा व्याल सिंहाच्या अंगाचा असतो, हत्तीचं तोंड असलं तर गजव्याल. तो आग कुठं ओकतो? सांगोल्याच्या माळावर लोकांनी ड्रॅगन फ्रूट लावलंय, तिथं म्हातारी माणसंसुद्धा ‘ड्रॅगनची बाग’ म्हणतात. गुजरात सरकारनं 2021 मध्ये त्याचं ‘कमलम’ केलं. आमच्या बाजारात कमलम मागणारा मला अजून भेटलेला नाही. ड्रॅगनवंशी करा, विषय संपला.

अमरकोश :
विषय संपत नाही. व्यालचा संस्कृतात सर्प असाही अर्थ आहे. फळाच्या पाटीवर जे चालतं ते गोष्टीतही चालतं असं धरलं, तर मराठीत नवा शब्द घडायचाच नाही.

हातमाग :
मला या लोकांची नावं फार आवडली. घराण्याचं नाव आधी, स्वतःचं नंतर. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. आमच्यातही ‘इंटिपेरु’ म्हणजे घराचं नाव पहिलं. कुणी ते शेवटी लिहिलं की आजोबा कागद परत करायचे, घर मागं टाकलं म्हणून. सीनाकाठताई, मराठी वाक्यात बसवायला म्हणून त्यांची नावं उलटी करू नका. आणि घराण्याला तुम्ही काय लिहिलंय?

सीनाकाठ :
‘कूळ’ लिहिलंय. नावं आहेत तशीच ठेवलीत.

बाराबंदी :
कूळ म्हटलं की आमच्या घरात 1948 चा कूळकायदा आणि गेलेली जमीन आठवते. ‘भावकी’ म्हणावं तर बांधावरची भांडणं. ‘घराणं’ बरं. घराण्याला बट्टा लावला तर त्यांच्यात हाकलूनही देतात. तिथं ‘हद्दपार’ नको, ‘वाळीत टाकला’ हवं. हद्दपार सरकार करतं, वाळीत आपली माणसं टाकतात.

हातमाग :
वाळीतमध्ये माणूस गावातच राहतो, फक्त कुणी त्याच्याशी बोलत नाही. यांच्यात तो निघून जातो. तुटलेला तो.

सीनाकाठ :
दोन्ही लिहून ठेवते. आणखी एक अडलंय. यांचा श्वास हेच हत्यार. ‘आग ओकणं’ लिहिलं होतं, पण सगळ्यांचा श्वास आगीचा नाही. लाल, सोनेरी आणि पितळी वंशाचा आगीचा, चांदीचा आणि पांढरा गारठ्याचा, निळा आणि ब्राँझचा विजेचा, काळा आणि तांब्याचा आम्लाचा, हिरवा विषाचा.

कडबा :
आग ओकायला आपला एप्रिलचा सूर्य आहे. गारठा कुणी ओकत नाही. ‘फुंकर’ घ्या.

बाराबंदी :
फुंकर आई घालते, खरचटल्यावर. समोरचा गारठून मेला पाहिजे. ‘फूत्कार’.

अमरकोश :
फूत्कार योग्य. आणि ब्राँझ कशाला? कांस्य. वर्तमानपत्रं कांस्यपदक लिहितात, ते कुणाला खटकत नाही.

हातमाग :
पदक कांस्य, पण घरातली वाटी काशाची. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून तीच घासतात. ‘काशाचा’ म्हणा.

कडबा :
मग ‘पितळी’ पण बघा ताई. आमच्यात पितळी म्हणजे जेवायची थाळी. पितळी वंशाचा म्हटलं तर पोरं जेवायला बसतील. ‘पितळेचा’ करा.

अमरकोश :
‘पितळेचा’ म्हणजे पितळ ओतून केलेला. रंगाला ‘पितळी’च.