चौदा जण, एक टेबल आणि बदनाम नागपूर

बर्डीवाला
परवा एका प्रवासाच्या ग्रुपवर एक पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं गरम आहे. पुण्याचे एक गृहस्थ भाच्याच्या साक्षगंधाला नागपुरात आले. सोबत धरून चौदा जण, त्यात दोन म्हातारी माणसं, तीन पोट्टे. शनिवारी रात्री साडेनऊला "सगळे मिळून बाहेर जेवू" म्हणून निघाले. पहिल्या ठिकाणी पाऊण तास थांबा म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी दोन टेबलं मिळत होती, पण दोन टोकांना. तिसरीकडे सावजी, म्हणजे इथलं झणझणीत रश्श्याचं जेवण, खाल्लं आणि अर्ध्या लोकांचे कान लाल झाले. मग पोट्ट्यांसाठी मॉलमध्ये जाऊन पिझ्झा. आणि निष्कर्ष काय, तर "नागपूर हे पाहुण्यांना जेवू घालणारं शहर नाही. तिखट आणि तेल, संपलं."

भाऊ, शनिवारी रात्री साडेनऊला चौदा माणसं, फोन न करता? पुण्यात असं कुठं बसवतात ते सांगा, पुढच्या शनिवारी आमचं अख्खं खानदान घेऊन येतो.

चौदा जणांचं जेवण म्हणजे छोटं कार्यच असते. दुपारीच फोन करायचा. "टेबल मिळेल का" हा प्रश्नच चुकीचा, त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं ते हे: टेबलं एका रांगेत जोडून देता का? फॅमिली सेक्शन वर असेल तर जिना किती? (आमच्या मोठीआईला अठरा पायऱ्या चढवून वर नेलं, तर वर पंखा बंद.) मे महिना असेल तर एसी आहे की कूलर? आणि साडेसातला बसायचं. साडेनऊला मोठं टेबल रिकामं होत नाही, कारण साडेआठला बसलेले आता कुठं रोटी मागवून राहिले असतात.

आणि ते स्टार पाहून जायचं बंद करा. चार पूर्णांक सहा स्टार, आणि खाली सगळे फोटो झोपाळ्याचे, जेवणाचा एक नाही.

शाकाहारी_रामदासपेठ
पाहुण्यांची बाजू घेते, राग मानू नका. ग्रुपमध्ये आमच्यासारखे चार जण शाकाहारी असले की नागपूरकर हमखास म्हणणार, "सावजीत पाटोडी मिळते नं, डाळकांदा मिळतो नं." मिळतो हो. पण रश्श्याचा डाव एकच असतो! मी स्वतः पाहिलंय, वाढणाऱ्याने मटणाच्या भांड्यातला डाव काढला, झटकला आणि पाटोडीच्या रश्श्यात बुडवला. विचारलं तर म्हणे, "ताई, धुतला होता." केव्हा धुतला, मी तर समोरच बसले होते!

मिहानवाला
माझा मुद्दा वेगळा आहे. मोठा ग्रुप दिसला की बिलात सर्व्हिस चार्ज टाकून देतात. आम्ही टीममधले सोळा जण गेलो होतो, बिलाच्या दहा टक्के. मॅनेजरला म्हटलं काढा, तर म्हणतो सिस्टीममध्येच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे की हा चार्ज बिलात आपोआप जोडता येत नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. पाच टक्के जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. मी वीस मिनिटं उभा राहून तो चार्ज काढायला लावला.

बर्डीवाला
@मिहानवाला काढला ते बरं केलं. त्या वीस मिनिटांत बाकीचे पंधरा जण काय करत होते?

मिहानवाला
पार्किंगमध्ये. रागावले होते. तो मुद्दा नाही.

टेबल_नंबर_सहा
मी सदर भागात सात वर्षं एका हॉटेलात फ्लोअर सांभाळला. आमच्याकडून पण ऐका.

चौदा जण येतात. चौदाही जणांना मेनू कार्ड पाहिजे. वीस मिनिटं चर्चा. मग एक जण सांगतो, दुसरा बदलतो, वहिनी म्हणतात थांबा, बाबांना विचारू द्या. शेवटी नऊ भाज्या आणि तीस रोट्या एकदम. तंदूर एक, रोटी लावणारा एक. बाकीची टेबलं पण रोटीच मागून राहिली. मग भाज्या येऊन थंड होतात, रोटी येत नाही, आणि शिव्या आम्हाला. सर्वात शेवटी, "भाऊ, बिल पाच जागी करून द्या."

ज्यांना समजते ते दुपारी फोनवरच चार भाज्या ठरवतात. दोन तिखट, दोन पोरांच्या. अर्धे लोक भातावर, अर्धे रोटीवर. अशा पार्टीला कोणताही कॅप्टन जागा काढून देतो, कारण ते टेबल दीड तासात उठते. तुमचं अडीच तास उठत नाही. हे कोणी तोंडावर सांगणार नाही, म्हणून "पाऊण तास थांबा" सांगतात आणि तुम्ही जाल अशी वाट पाहतात.

कोथरूडचा_पाहुणा
नमस्कार, तो पोस्टवाला मीच. कोणीतरी लिंक पाठवली.

आधी फोन करायला हवा होता, मान्य. पण तिखटाचं मी मागे घेणार नाही. वाटीत अर्धा बोट तेल तरंगत होतं, खाली रस्सा आहे की नाही ते चमचा घालून पाहावं लागलं. माझे सासरे शहात्तर वर्षांचे, त्यांनी एक घास घेतला आणि पंधरा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत. इतकं तिखट म्हणजे स्वयंपाक येत नाही हे झाकण्याची युक्ती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

गोळीबार_चौक
हं. आता मले बोलाच लागते.

सावजी म्हणजे आमचं, हलबा कोष्ट्यांचं. माझ्या आजोबाचा हातमाग होता. दिवसभर मागावर बसणारा माणूस संध्याकाळी काय खाईल? आमची आजी जवसाच्या तेलात मटण करे. मसाल्यात सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, लवंग, मिरे, सारं भाजून पाट्यावर वाटलेलं. वाटता वाटता तिच्या हाताची आग व्हायची, मग ती हात थंड पाण्याच्या बादलीत घालून बसे. तो वास अख्ख्या गल्लीत जाये. तिखट होतं, पण ते मिऱ्या-लवंगाचं तिखट, घशात उशिरा पोचते आणि हळूहळू उतरते. तुम्ही जे खाल्लं ते लाल तिखटाची पुडी टाकलेलं पाणी. पाटीवर सावजी लिहिलं म्हणून कोणी सावजी होत नाही. आज या शहरात कोणीही उठते आणि पाटी लावते.

आणि रोटी कोणती खाल्ली? तंदुरी असेल. सावजीसोबत लंबी रोटी पाहिजे. कणीक आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळतात, बाई ती हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवते आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकते. रुमालासारखी घडी होते. तिखट ती पोटात घेते, सासऱ्यांना तिच्यासोबत द्याचं होतं.

शाकाहारी_रामदासपेठ
आणि डाव?

गोळीबार_चौक
ताई, आमच्या घरी या. पाटोडीचं भांडं वेगळं, डाव वेगळा. आई स्वतः वाढेल.

मिहानवाला
जवसाचं तेल आता कोण वापरतं पण? सगळीकडे सोयाबीनच असते. ही जवसाची गोष्ट फक्त व्हिडिओवाल्यांना सांगायला उरली आहे.

गोळीबार_चौक
तू आमच्या घरचं खाल्लं काय बे? नाही नं? मग कोणत्या हॉटेलात काय वापरतात ते त्यांना विचार, मले काहून सांगून राहिला? सोळा जणांना पार्किंगमध्ये उभं ठेवणारा माणूस आम्हाले तेल शिकवून राहिला!

बर्डीवाला
अरे, धागा जेवायला जागा शोधण्यावर होता. जवसावर वेगळा काढा.

कोथरूडचा_पाहुणा
नाही, राहू द्या, मला आता ऐकायचं आहे. म्हणजे चूक माझी की मी चुकीच्या पाटीखाली बसलो. बाहेरच्या माणसाने पाटी ओळखायची कशी? कुंडली मागायची का मालकाची?

गोळीबार_चौक
वास घ्या. जवसाच्या तेलाले वास असते. आणि दुपारी दीड वाजता कोण बसलंय ते पाहा. आमच्या भागातले दुकानदार, हमाल, पोलीस एकाच बाकावर दिसले की बसा. एसी नसेल. सासऱ्यांना नेऊ नका.

टेबल_नंबर_सहा
चौदा जणांना घेऊन अशा ठिकाणी जाऊच नका, बाकंच चार असतात. बऱ्याच सावजीवाल्यांकडे मटण किलोवर सांगून ठेवता येते. आदल्या दिवशी सांगायचं, आमचा हिशोब माणशी पाव किलो. साधारण तिखट पाहिजे असेल तर तेव्हाच सांगा, वाढल्यावर सांगून काही होत नाही. डबे घेऊन जा, भरून आणा आणि ज्यांच्याकडे उतरले त्यांच्या गच्चीवर पंगत मांडा. पोट्ट्यांसाठी वरणभात घरी लावा. चौदा काय, चाळीस बसतात. बिल एकच, सर्व्हिस चार्ज नाही. @मिहानवाला बघा.

शाकाहारी_रामदासपेठ
आणि मग भांडी कोण घासणार? गच्चीची कल्पना नेहमी पुरुषच का सुचवतात? त्या रात्री वहिनी "बाहेर जेवू" म्हणाल्या असतील तर त्यामागे कारण असेल.

कोथरूडचा_पाहुणा
माझी बायको हे वाचते आहे. ती म्हणते, या काकूंचं नाव-गाव विचारून घ्या.

बर्डीवाला
ताईंचा मुद्दा मान्य. पत्रावळी आणा. पण पाहुणे, पोस्टमधलं ते "जेवू घालणारं शहर नाही" तेवढं काढणार की नाही?

कोथरूडचा_पाहुणा
बदलतो. "नागपूर जेवू घालतं, पण आधी तोंडी परीक्षा घेतं." चालेल?

गोळीबार_चौक
तेलाचं पण काढा.

कोथरूडचा_पाहुणा
तेलाचं राहील. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बरं, आता खरं काम. भाच्याचं लग्न डिसेंबरात आहे, तेव्हा आम्ही परत येतोय. या वेळी महिनाभर आधी फोन करतो. समाधान?

टेबल_नंबर_सहा
डिसेंबरात कधी? विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू असेल तर अख्खं मंत्रालय इथं असते. आमदार, त्यांचे पीए, मोर्चेवाले, पत्रकार. मोठी टेबलं तेव्हा साडेसातलाही मिळत नाहीत. किती जण आहात?

कोथरूडचा_पाहुणा
बावीस.

बर्डीवाला
गच्ची आमची घ्या. तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. सासऱ्यांना जिना चालेल का?