कामावर चालत जाणाऱ्याने धावणे कसे सुरू करावे? नडगी दुखू लागली आहे

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४१ असून काम दिवसभर बसून करण्याचे आहे. घरापासून कार्यालय साडेचार किलोमीटरवर आहे आणि गेले पाच महिने मी जाताना व येताना चालतच जातो. एका वेळेस साधारण पन्नास मिनिटे लागतात. सुरुवातीला संध्याकाळी घराचा जिना चढताना पाय भरून येत असत, आता त्याचे काही वाटत नाही. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी असे मनात आले की सकाळचे हे अंतर धावत कापावे, म्हणजे व्यायामही होईल आणि वीसेक मिनिटे वाचतील.

धावण्याच्या बाबतीत मी अगदी नवशिका आहे. पहिल्या दिवशी दोन-तीन विजेच्या खांबांपर्यंत धावलो, तोच ऊर धपापू लागला. मात्र दम फार लवकर वाढला आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मी न थांबता तीन किलोमीटर धावू लागलो, तेही आठवड्याचे पाचही दिवस. पाठीवर लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली आणि बदलायचे कपडे असे मिळून सहा किलोंचे ओझे असते. आता उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरच्या बाजूस दुखते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली काही पावले जड जातात, मग ते कमी होते आणि धावून झाल्यावर पुन्हा सुरू होते.

हे दुखणे अंगवळणी पडेपर्यंत सोसायचे असते, की धावणे थांबवायला हवे? पाठीवर पिशवी घेऊन धावणे योग्य आहे का? आणि रोजचे चालणे व्यायामात धरायचे, की ते वेगळे समजायचे?

संथगती

तुमच्या प्रश्नातील ‘नवशिका’ हा शब्द मला अर्धाच पटला. रोज नऊ किलोमीटर म्हणजे आठवड्याला पंचेचाळीस किलोमीटर आणि सुमारे पाचशे मिनिटे तुम्ही चालता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. त्या हिशेबाने तुमचे हृदय आणि फुप्फुसे पाच महिन्यांत चांगलीच तयार झाली आहेत. नवशिकी आहेत ती तुमची हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे), आणि घोटाळा नेमका येथेच झाला आहे. एरवी घरी बसलेला माणूस धावायला लागला की दोनशे मीटरवर त्याचा दमच त्याला थांबवतो आणि त्यामुळे त्याच्या नडग्या आपोआप वाचतात. तुम्हाला थांबवणारे कोणी उरले नव्हते.

चालताना एक पाऊल कायम जमिनीवर असते. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीर क्षणभर अधांतरी असते, आणि मग सारा भार एका पायावर येतो. जमिनीवर उतरताना पायावर येणारे बल चालण्यात शरीराच्या वजनाहून थोडेसेच अधिक असते, तर धावण्यात ते वजनाच्या दोन ते तीन पट होते. त्यात तुमचे सहा किलो मिळवा. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडांना आणि कंडरांना मात्र काही महिने लागतात. शिवाय नवा ताण पडू लागला की हाड आधी आपला जुना भाग झिजवते आणि मग तेथे नवे हाड घडवते. या मधल्या काळात ते नेहमीपेक्षा थोडे दुबळेच असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सगळे छान चालले आहे असे वाटत असतानाच, अनेकांची नडगी बोलू लागते ती यामुळे.

त्यामुळे दुखणे पूर्ण थांबेपर्यंत धावणे बंद ठेवावे आणि नंतर जणू आजवर कधी धावलोच नव्हतो अशा पद्धतीने सुरुवात करावी. जोश क्लार्क यांनी १९९६ साली मांडलेला ‘काउच टू फाइव्ह के’ हा बैठ्या माणसाला पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जगभर वापरला जातो. त्याच्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालल्यावर साठ सेकंद धावणे आणि नव्वद सेकंद चालणे असे आलटून पालटून वीस मिनिटे करायचे असते, आणि तेही आठवड्यातून फक्त तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. तुम्हाला ते पोरखेळ वाटेल. मलाही वाटले होते; म्हणून मी थेट पाचव्या आठवड्यापासून सुरुवात केली आणि पुढचे दोन महिने टाचेच्या वरची कंडरा दुखते म्हणून लंगडत काढले.

वेगाची कसोटी सोपी आहे. धावताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. आणि वीस मिनिटे वाचण्याचा विचार सोडून द्या, असे मी आग्रहाने सांगेन. ताशी आठ किलोमीटरने साठ सेकंद आणि तुमच्या चालण्याच्या गतीने नव्वद सेकंद असा हिशेब केला, तर साडेचार किलोमीटरला एकेचाळीस-बेचाळीस मिनिटे लागतात. वाचतात ती आठ-नऊ मिनिटे, आणि ती तुम्ही कपडे बदलण्यात घालवाल.

घोटा_आणि_टाच

मी फिजिओथेरपीच्या क्षेत्रात काम करते. येथे पाय पाहिल्याशिवाय निदान करता येणार नाही, परंतु घरी तपासून पाहण्याजोगी एक गोष्ट सांगते. खुर्चीवर बसून अंगठ्याने नडगीची आतली कड घोट्यापासून वर हळूहळू दाबत जा. दुखरा भाग चार-पाच बोटे किंवा त्याहून अधिक लांब पसरलेला असेल, आणि थोडे चालल्यावर ते दुखणे मवाळ होत असेल, तर बहुधा तो हाडाच्या कडेला पडलेला ताण असतो. भार कमी केला की तो काही आठवड्यांत शमतो. याउलट एकाच बोटाखाली मावेल एवढ्या ठिकाणी तीव्र कळ येत असेल, रात्री अंथरुणावर पडल्यावरही ठणकत असेल, किंवा चालताना दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी लागते. तेव्हा धावणे सोडाच, लांब चालणेही थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आला’ एवढ्यावर समाधान मानून पुन्हा धावू नये.

सोसण्याबद्दल विचारले आहे म्हणून सांगते. नव्या श्रमानंतर एक-दोन दिवसांनी पोटऱ्या किंवा मांड्या दोन्ही पायांत सारख्या दुखतात, ते स्नायूंचे दुखणे असते आणि ते आपोआप जाते. एकाच पायात, हाडावर आणि रोज त्याच जागी होणारे दुखणे सोसण्यातले नव्हे.

विश्रांतीच्या काळात पोटरीची ताकद वाढवावी. भिंतीला हात टेकवून टाचा उचलायच्या, वर क्षणभर थांबायचे आणि सावकाश खाली यायचे. आधी गुडघे सरळ ठेवून आणि मग किंचित वाकवून करावे, कारण गुडघा वाकवल्यावर पोटरीतील खोलवरच्या स्नायूवर भार येतो, आणि धावताना सर्वाधिक राबतो तो हाच स्नायू. हे करताना नडगी दुखल्यास थांबावे. पुन्हा धावताना पाऊल लांब टाकू नका. तोच वेग ठेवून पावले थोडी आखूड आणि थोडी जलद टाकली, तर पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो.

दप्तर_पाठीवर

वरील दोन्ही उत्तरे पटली, परंतु कामावरून धावत येणे गेली काही वर्षे मी करतो आहे, म्हणून पिशवीबद्दल लिहितो. माझ्या मते तुमची मूळ चूक वजनाची नसून वेळेची आहे. सकाळी कार्यालय गाठायचे असते, तेव्हा वेग घड्याळ ठरवते. निघायला पाच मिनिटे उशीर झाला की माणूस नकळत जोर लावतो, आणि संथ धावण्याचा निश्चय पहिल्याच वळणावर विसरतो. शिवाय पोहोचल्यावर घाम लगेच थांबत नाही. कोरडा शर्ट घातल्यावर दहा मिनिटांत तोही पाठीला चिकटतो. संध्याकाळी घरी जाताना वाट पाहणारी बैठक नसते आणि घरी आपले न्हाणीघर असते. सकाळी नेहमीसारखे चालत जावे आणि ठरलेल्या दिवशी संध्याकाळी धावत यावे.

सामानाचे म्हणाल, तर जे कार्यालयात राहू शकते ते तेथेच ठेवा. चार्जर दुसरा मिळाला तर उत्तम. कपडे आणि टॉवेल न धावण्याच्या दिवशी नेऊन ठेवता येतात. लॅपटॉप घरी आणणे ज्या दिवशी टळत नाही, तो दिवस चालण्याचा. उरलेल्या किलो-दीड किलोसाठी छातीवर आणि कमरेला असे दोन्ही पट्टे असलेली पिशवी हवी. पट्टे आवळल्यावर जागेवरच चार उड्या मारून पाहाव्यात. पिशवी पाठीपासून सुटून पुन्हा आपटत असेल, तर तीन किलोमीटरनंतर खांद्यावर लाल वळ उठलेला दिसेल.

अंधार पडल्यावर धावायचे असेल, तर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी घोट्याला बांधा. हलणाऱ्या पायांवरून वाहनचालकाला माणूस लवकर ओळखू येतो. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने जावे.

संथगती

वेळेचा मुद्दा मान्य आहे, तो माझ्या ध्यानात आला नव्हता. ओझ्याबाबत मात्र मी ठाम आहे. पहिले नऊ आठवडे तरी पाठ मोकळी हवी, दीड किलोही नको. तुम्ही वर्षानुवर्षे धावणारे आहात. ज्याची नडगी आज दुखते आहे, त्याच्यासाठी तो सल्ला घाईचा ठरेल.

दप्तर_पाठीवर

हे खरे आहे. मी माझ्या पायांवरून बोललो.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. आज अंगठ्याने दाबून पाहिले. दुखरा भाग चार बोटांएवढा लांब आहे, एका बिंदूवर कळ नाही आणि रात्री दुखत नाही. धावणे बंद केले आहे. चालताना पहिल्या पाच मिनिटांनंतर काही जाणवत नाही. चालणेही कमी करावे का? आणि माझे बूट चालण्याचे आहेत, दीड वर्ष जुने. त्यांचाही दोष असेल का?

घोटा_आणि_टाच

पुढचे दोन आठवडे एका वेळेचे चालणे वाहनाने भागवा, आणि ओझ्याची पिशवी त्या वेळीच न्या. सकाळची पहिली पावले दुखेनाशी झाली आणि अर्धा तास भरभर चालूनही नडगी शांत राहिली, की साठ सेकंदांपासून सुरुवात करायला हरकत नाही. दोन आठवड्यांनीही फरक नसेल, तर मात्र कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. तुमचे चालणे हा भारच आहे, त्यामुळे ज्या दिवशी धावाल त्या दिवशी निदान एक फेरी कमी चालावे.

बुटांचे म्हणाल, तर धावण्याचे बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतात असे मानले जाते. तुमच्या बुटांनी गेल्या पाच महिन्यांतच त्याहून अधिक मजल मारली आहे. नवे घेताना संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवा. जुने बूट पालथे करून टाचेची झीज एकदा पाहा. उजवा बूट डाव्यापेक्षा वेगळ्या बाजूने झिजला असेल, तर ती जोडी टाकून न देता तपासणीला बरोबर न्या.