मदत हवी आहे: १७७९ च्या तहाचा मोडी मजकूर

मंडळी, पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातल्या १७७९ च्या पुणे तहाचा मूळ मोडी मजकूर किंवा बाळबोध लिप्यंतर कुठे वाचायला मिळेल?

दादरा-नगर हवेलीवरून पोर्तुगालने १९५५ मध्ये भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. तिथे या तहाचा आणि १७८३, १७८५ च्या सनदांचा बराच कीस पडला. पेशव्यांनी पोर्तुगीजांना तिथली वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं दिली, ती नुसती जहागीर की सार्वभौमत्व? १९६० च्या निकालात न्यायालयाने या तहातून फक्त महसुलाचा हक्क मिळाला असं मानलं. (पेशव्यांचे कारकून हेगमध्ये कामी आले म्हणायचे!)

निकाल वाचलाय, पण तो इंग्रजीत. मला नेमका मराठी शब्द बघायचाय, ‘जहागीर’ की ‘सरंजाम’ (चाकरीसाठी लावून दिलेला महसूल)? मोडी अडखळत वाचता येते, फोटोही चालेल.