मदत हवी आहे : पावसाच्या आकडेवारीतील कोणते आउटलायर काढावेत आणि कोणते ठेवावेत?

रावपुरेकर :

नमस्कार. मी बडोद्यात संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आजवा जलाशयाच्या परिसरात पडणारा दैनिक पाऊस आणि शहरात काळाघोडा पुलाजवळ मोजली जाणारी विश्वामित्री नदीची पातळी यांचा संबंध, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. शहर, वाघोडिया, सावली, डभोई आणि पादरा या भागांतील पर्जन्यमापक केंद्रांच्या दहा वर्षांच्या दैनिक नोंदी माझ्याकडे आहेत. आउटलायर, म्हणजे इतरांपासून फार दूर पडलेली मूल्ये, ओळखण्याच्या टप्प्यावर मात्र काम अडले आहे, कारण पाठ्यपुस्तकातील प्रत्येक नियम येथे वेगळेच उत्तर देतो.

प्रथम मी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा नियम लावला, म्हणजे पहिल्या चतुर्थकाच्या (ज्याखाली पाव मूल्ये येतात) खाली किंवा तिसऱ्या चतुर्थकाच्या (ज्याखाली पाऊण मूल्ये येतात) वर, या दोहोंमधील चतुर्थक-अंतराच्या दीडपटीहून दूर असलेली मूल्ये वेगळी काढली. परंतु वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असल्यामुळे दोन्ही चतुर्थके शून्य आली, अंतरही शून्य आले, आणि पावसाचा प्रत्येक दिवस आउटलायर ठरला. त्यानंतर प्रत्येक वर्षातील सर्वाधिक पावसाचा एकेक दिवस घेऊन त्या दहा मूल्यांना तीन प्रमाण विचलनांची कसोटी लावली (सरासरीपासून मूल्ये किती विखुरली आहेत याचे माप म्हणजे प्रमाण विचलन, त्याच्या तिपटीहून दूरचे मूल्य आउटलायर), तर एकही मूल्य आउटलायर ठरले नाही. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात २४ तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि तोही या कसोटीतून निर्विघ्न सुटला.

दुसरीकडे, एका ग्रामीण केंद्रावर एका दिवसापुढे ३१२ मिलिमीटर असा आकडा आहे, तर त्या दिवशी शेजारची केंद्रे ३० ते ४० मिलिमीटर दाखवतात. ९९ व्या शततमकापेक्षा (ज्याखाली ९९ टक्के मूल्ये येतात) मोठी सर्व मूल्ये त्या शततमकाइतकी करून टाकावीत, म्हणजे विन्सरायझेशन करावे, असा सल्ला मला मिळाला आहे. तसे केल्यास समाश्रयणाची, म्हणजे पावसावरून पातळीचा अंदाज देणारी, रेषा सुबक येते, हे मी पाहिले. पण ज्या दिवसांनी शहरातले सयाजीगंज आणि कारेलीबाग हे भाग पाण्याखाली नेले, तेच दिवस माझ्या तक्त्यातून पुसले जातात, आणि हे मला मुळीच पटत नाही. चूक आणि खरी अतिवृष्टी यांत फरक करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत कोणती? आणि फरक कळल्यावर दोहोंचे काय करावे?

ग्वाल्हेरकर :

आपली शंका रास्त आहे. आधी त्या दोन नियमांविषयी सांगतो. नमुन्यात n मूल्ये असतील, तर नमुन्याच्याच मध्यापासून (सरासरीपासून) आणि नमुन्याच्याच प्रमाण विचलनाने मोजलेले सर्वांत मोठे अंतर (n−१) भागिले √n याहून अधिक असूच शकत नाही. n दहा असेल, तर ही मर्यादा सुमारे २.८५ येते. म्हणजे दहा वर्षांच्या कमाल मूल्यांत ५०० ऐवजी ५०,००० लिहिले असते, तरी तीनची कसोटी गप्पच राहिली असती. कारण ते मूल्य मध्याला स्वतःकडे ओढते आणि विचलनही फुगवते. यासाठी मध्याऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य, घ्यावा, प्रत्येक मूल्याच्या मध्यकापासूनच्या निरपेक्ष अंतरांचा पुन्हा मध्यक काढावा, आणि मूळ अंतराला ०.६७४५ ने गुणून या दुसऱ्या मध्यकाने भागावे. येणारी संख्या ३.५ च्या पुढे गेली, तर ते मूल्य तपासणीसाठी बाजूला ठेवण्याची पद्धत रूढ आहे.

टुकींच्या कुंपणाबाहेर, म्हणजे त्यांच्या नियमाच्या दोन सीमांबाहेर, सामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणातली केवळ ०.७ टक्के मूल्ये पडतात, पण पाऊस सामान्य वितरणाने पडत नाही. त्याचे वितरण उजवीकडे लांब शेपटीचे असते. म्हणून आधी फक्त पावसाचे दिवस वेगळे करा. आपल्या हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस मानतात. त्या मूल्यांचे घनमूळ किंवा लॉगॅरिदम घेऊन मगच कुंपण घाला. मात्र यातून मिळते ती केवळ संशयितांची यादी. त्यांतील चूक कोणती, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही, त्यासाठी मोजमापाच्या पद्धतीकडेच जावे लागते.

पावसाच्या नोंदींत चुका ठरावीक वाटांनी येतात. दशांश चिन्ह गळते, आणि आपले ३१२ हे मला ३१.२ असावे असे वाटते. इंच आणि मिलिमीटर यांची सरमिसळ होते, तेव्हा शेजारच्या केंद्राशी गुणोत्तर २५.४ च्या आसपास येते. नोंद नसल्याची खूण म्हणून लिहिलेले ९९९ खरा पाऊस समजून बेरजेत जाते. सर्वांत फसवी चूक तारखेची असते. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. एखादे केंद्र तो आकडा आदल्या तारखेला आणि दुसरे दुसऱ्या तारखेला लिहीत असेल, तर एकाच पावसातून दोन खोटे आउटलायर जन्माला येतात, एक फार मोठा आणि एक संशयास्पद शून्य. प्रत्येक केंद्राची मालिका एक दिवस पुढे-मागे सरकवून शेजाऱ्यांशी सहसंबंध काढा. सरकवल्यावर तो ठळक वाढला, तर ही चूक पकडली गेली. तसेच प्रत्येक केंद्रावर आठवड्याच्या कोणत्या वारी किती वेळा शून्य नोंदले आहे, हे मोजा. एखाद्या ठिकाणी रविवारी पाऊस जवळजवळ पडतच नसेल आणि सोमवारी मात्र जोरदार पडत असेल, तर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा एकत्र आहे.

दांडियाबाजार :

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु केवळ शेजारच्या केंद्रांच्या कसोटीवर विसंबू नये. आपल्याकडे गडगडाटी ढगांचा पाऊस काही किलोमीटरांतच संपतो, त्यामुळे एका केंद्रावर धो-धो आणि दुसऱ्यावर शिडकावा, हे अगदी संभवनीय असते. म्हणून स्वतंत्र साक्ष शोधा. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि आजव्याकडचे पाणीही तिलाच मिळते. तेव्हा वरच्या भागात खरोखर ३१२ मिलिमीटर पाऊस पडला असता, तर जलाशयाच्या किंवा नदीच्या पातळीत त्याचा काही माग राहिलाच असता.

विन्सरायझेशनचा सल्ला आपल्या प्रश्नासाठी मला चुकीचा वाटतो, आणि हे मी ठामपणे सांगतो. दैनिक मालिकेत ९९ व्या शततमकापलीकडे वर्षाला साधारण साडेतीन दिवस येतात, आणि बडोद्याचा पूर नेमका याच दिवसांत असतो. २०१९ चे मूल्य खरे आहे, २०४.५ मिलिमीटरपासून पुढे ज्याला हवामान विभाग अतिशय मुसळधार म्हणतो, त्याच्या दुपटीहूनही ते अधिक आहे. ते छाटले, तर उरलेले प्रतिमान (मॉडेल) पुराबद्दल काहीच सांगणार नाही.

पण ते तसेच ठेवून साधी लघुत्तम वर्ग रेषा (चुकांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारी) काढणेही योग्य नव्हे, कारण हे मूल्य क्ष-अक्षावर, म्हणजे पावसाच्या अक्षावर, इतके दूर आहे की ते एकटेच रेषा वळवू शकते. कुक यांनी १९७७ मध्ये मांडलेले अंतर काढून प्रत्येक दिवसाचा प्रभाव पाहा. ह्यूबर यांची १९६४ ची पद्धत मोठ्या अवशेषांचे, म्हणजे रेषा आणि प्रत्यक्ष मूल्य यांतील मोठ्या फरकांचे, वजन घटवते, परंतु क्ष-अक्षावर दूर असलेल्या बिंदूंपासून ती संरक्षण देत नाही. त्यासाठी छाटलेल्या लघुत्तम वर्गांची पद्धत पाहावी, जी सर्वांत मोठे अवशेष बाजूला ठेवून रेषा काढते. शिवाय आजव्यातून पाणी सोडल्याचा परिणाम पावसाच्या स्तंभात नाही. तो वेगळा चल म्हणून घेतला नाही, तर जे दिवस आउटलायर दिसतील, ते खरे तर प्रतिमानातील उणीव दाखवत असतील.

पाऊस आणि पातळी स्वतंत्रपणे साधारण, पण एकत्र घेतल्यावर विचित्र, असे दिवस शोधायला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले अंतर उपयोगी पडते. त्यांनीच ओडिशातील १९२६ च्या पुराचा अभ्यास करताना जुन्या नोंदी तपासून दाखवले होते की पुराचे कारण नदीचे पात्र उंचावणे हे नसून पाणलोट क्षेत्रातील असामान्य पाऊस हे होते. त्या असामान्य नोंदी कुणी गाळल्या असत्या, तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

रावपुरेकर :

आपण दोघांनी दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार. मूळ नोंदवहीच्या पानाची प्रत मिळाली, तेथे ३१.२ असेच स्पष्ट लिहिलेले आहे. एका केंद्राच्या तारखाही एक दिवस सरकलेल्या निघाल्या, आणि त्या जुळवताच संशयितांची यादी बरीच आखडली. आजव्याच्या विसर्गाच्या नोंदी मी आता मागवत आहे.

एक अडचण उरली आहे. काही मूल्ये शेजाऱ्यांशी जुळत नाहीत, पण त्यांची नोंदवही उपलब्ध नाही आणि नदीच्या पातळीवरूनही निकाल लागत नाही. ती ठेवावीत की रिकामी सोडावीत?

ग्वाल्हेरकर :

मूळ आकड्यांच्या स्तंभाला हात लावू नका. त्याच्या शेजारी एक स्तंभ खुणेसाठी आणि एक कारणासाठी ठेवा, ३१.२ ची दुरुस्तीही तेथे नोंदवहीच्या पानासह लिहा. अनिर्णित मूल्ये एकदा ठेवून आणि एकदा गहाळ मानून संपूर्ण विश्लेषण दोनदा चालवा, आणि दोन्ही उत्तरे प्रबंधात द्या. त्यांच्या जागी सरासरी भरू नका, कारण त्यामुळे विचलन खोटेच कमी होते. उत्तरे बदलत असतील, तर किती आणि कोणत्या केंद्रामुळे बदलतात, हे परीक्षकांना दिसले पाहिजे. कोणत्या मर्यादेपुढचे मूल्य संशयित मानायचे, हे मात्र पातळीशी संबंध तपासण्याआधीच ठरवून लिहून ठेवा. दहा वर्षांच्या कमाल मूल्यांवर गम्बेल वितरण (अशा कमाल मूल्यांसाठीच वापरले जाणारे) बसवून शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा अंदाज काढण्याचा विचार असेल, तर आधी अधिक जुन्या नोंदी मिळवा, कारण दहा बिंदूंत २०१९ एकटेच तो अंदाज ठरवेल.